मोजपट्टी कोणाच्या हाती?

जानेवारी २०२४ मध्ये लंडनमधील संशोधकांनी ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात काही रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी पाच जणांना ऐन कर्त्या वयात, अडतीस ते पंचावन्न या वर्षांत, अल्झायमरसदृश स्मृतिभ्रंश जडलेला होता. इतक्या लवकर हा रोग सहसा होत नाही. आणि ज्यांची आनुवंशिक तपासणी करता आली त्यांच्यात वारशाने येणारे कारणही सापडले नाही. या सर्वांत एक गोष्ट समान होती. लहानपणी उंची खुंटली म्हणून त्यांना वर्षानुवर्षे वृद्धिसंप्रेरकाची, म्हणजे ग्रोथ हॉर्मोनची, इंजेक्शने दिलेली होती, आणि ते संप्रेरक मृत माणसांच्या मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पिट्यूटरी ग्रंथींतून काढलेले होते. हे औषध ब्रिटनमध्ये १९८५ मध्ये बंद झाले. जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी बंद केलेल्या औषधाचे देणे अद्याप फिटलेले नाही.

हा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. ग्रंथींपासून औषध करण्याचा उद्योग सरकारी मंडळांनी आणि धर्मादाय संस्थांनी चालवला, त्यात मुले मेली. पुढे एका खाजगी कंपनीने जीवाणूंकरवी शुद्ध संप्रेरक तयार करून दाखवले आणि प्रश्न मिटला. यावरून काय तो बोध घ्यावा, असे बाजारपेठेचे भक्त सुचवतात. समाजवादी वर्तुळात या युक्तिवादाला उत्तर म्हणून बहुधा औषध कंपन्यांच्या नफेखोरीवर एक ठराविक भाषण होते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. नफेखोरी खरी आहे आणि तिचा हिशेब पुढे येईलच. परंतु त्याआधी एक अप्रिय सत्य मान्य केले पाहिजे. मुलांचे बळी घेणारे पहिले प्रकरण घडले तेव्हा तेथे भांडवलदार मुख्य पात्र नव्हता. तेथे सरकार होते, नामवंत संशोधन संस्था होत्या, सेवाभावी डॉक्टर होते. समाजवादी कार्यकर्त्याने नेमके याच प्रकरणाचे वाचन टाळता कामा नये.

पिट्यूटरी ग्रंथी हरभऱ्याच्या दाण्याएवढी असते. तिच्यातून स्रवणारे संप्रेरक कमी पडले तर मुलाची वाढ खुंटते, आणि जनावरांचे संप्रेरक माणसाला लागू पडत नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत मॉरिस रेबन यांनी मानवी ग्रंथींतून काढलेले संप्रेरक देऊन एका मुलाची उंची वाढल्याचे जाहीर केले, आणि लगोलग जगभर ग्रंथींची मागणी सुरू झाली. एका मुलाच्या उपचाराला पुरेल इतके औषध मिळवायचे तर ग्रंथी शेकड्यांनी लागत. म्हणून देशोदेशी शवागारांतून ग्रंथी गोळा करण्याच्या यंत्रणा उभ्या राहिल्या. ब्रिटनमध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५९ मध्ये हे काम सुरू केले, आणि १ जुलै १९७७ पासून ते सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेले. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पाठबळावर एक राष्ट्रीय पिट्यूटरी संस्था चालत होती. फ्रान्समध्ये १९७३ मध्ये ‘फ्रान्स-इपोफिझ’ ही संस्था स्थापन झाली. ग्रंथी जमवण्याचे काम तिच्याकडे, संप्रेरक काढण्याचे काम पाश्चर संस्थेकडे आणि वाटपाचे काम सरकारी रुग्णालयांच्या मध्यवर्ती औषधालयाकडे होते. या सर्व व्यवस्थेत नफा नव्हता. औषध गरजेप्रमाणे वाटले जात होते आणि पालकांच्या ऐपतीचा प्रश्न येत नव्हता. कागदावर पाहिले तर कोणत्याही समाजवादी आरोग्यमंत्र्याला अभिमान वाटावा अशी ही योजना होती.

घात झाला तो टंचाईमुळे आणि टंचाईला दिलेल्या उत्तरामुळे. मागणी मोठी, ग्रंथी थोड्या. तेव्हा मिळेल त्या शवाची ग्रंथी घ्यावी अशी रीत पडली. फ्रान्समध्ये शवागारातील सेवकांना ग्रंथीमागे पैसे मिळत. ग्रंथीगणिक पैसे मिळणाऱ्या माणसाने मृताच्या रोगाची चौकशी करीत बसावे, अशी अपेक्षा ठेवणे हा अर्थशास्त्राचाच नव्हे तर साध्या व्यवहाराचाही अडाणीपणा होय. वृद्धांची आणि मज्जाविकारांची रुग्णालये हे ग्रंथींचे हुकमी ठिकाण ठरले, कारण तेथे मृत्यू अधिक. शिवाय पूर्व युरोपातूनही ग्रंथी आणल्या गेल्या. अनेक देशांत मृताच्या नातेवाइकांना विचारण्याची तसदीही घेतली गेली नाही. हजारो ग्रंथी एकत्र करून एकेक घाणा काढला जाई आणि त्या घाण्यातील औषध अनेक मुलांना वाटले जाई.

क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या रोगाला वैद्यक सीजेडी म्हणते. तो जडला की माणूस प्रथम तोल गमावतो, नंतर बुद्धी आणि शेवटी जीव, उपाय नाही. तो विकृत प्रथिनाने, म्हणजे प्रायॉनने होतो, आणि प्रायॉन उकळण्याने किंवा फॉर्मॅलिनने मरत नाही. दहा लाख वस्तीत वर्षाला एक-दोन माणसांना तो होतो, म्हणून तो विरळा. पण या विरळेपणाचा हिशेब मांडून पाहावा. दहा लाख वस्तीत वर्षाला साधारण दहा हजार मृत्यू होतात. म्हणजे दर पाच ते दहा हजार शवांमागे एक शव या रोगाचे. ज्या घाण्यात हजारो ग्रंथी पडतात आणि जे मूल वर्षानुवर्षे निरनिराळ्या घाण्यांतील औषध घेते, त्या मुलाच्या वाट्याला दूषित ग्रंथी येण्याचा संभव विरळा राहत नाही. मज्जाविकारांच्या रुग्णालयातून ग्रंथी उचलल्या तर तो आणखी वाढतो. हे गणित करायला नोबेल पारितोषिक लागत नाही. शाळेतले त्रैराशिक पुरते.

आणि ते गणित कोणी केलेच नाही असेही नाही. एडिंबरो येथे मेंढ्यांच्या स्क्रेपी या सीजेडीच्याच जातीच्या रोगावर संशोधन करणारे ॲलन डिकिन्सन यांनी ऑक्टोबर १९७६ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेला इशारा दिला की, मानवी ग्रंथींच्या या औषधातून सीजेडी मुलांपर्यंत पोहोचू शकतो. परिषदेने तज्ज्ञांची मते मागवली, काही प्रयोग सुरू झाले. इंजेक्शने मात्र चालूच राहिली. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि पालकांना या शंकेची कल्पना देण्यात आली नाही. फ्रान्समध्ये १९८० मध्ये ल्यूक मोंतान्ये यांनी, ज्यांना पुढे एड्सच्या विषाणूच्या शोधाबद्दल नोबेल मिळाले, धोक्याची लेखी जाणीव दिली होती. तेथेही काम पूर्वीच्याच वेगाने चालू राहिले.

१९८४ मध्ये अमेरिकेत, लहानपणी हे औषध घेतलेला वीस वर्षांचा एक तरुण सीजेडीने मरण पावला. विशीत हा रोग जवळजवळ होतच नाही. आणखी काही मृत्यू उजेडात आले आणि एप्रिल १९८५ मध्ये अमेरिकेने ग्रंथीपासूनचे औषध थांबवले. लगेच ब्रिटननेही थांबवले. फ्रान्सने ते न थांबवता शुद्धीकरणाची एक जादा पायरी घातली आणि १९८८ पर्यंत ग्रंथींचेच औषध वापरले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय गणनेनुसार या औषधामुळे सीजेडी झालेल्यांची संख्या २२६ होती : फ्रान्समध्ये ११९, ब्रिटनमध्ये ६५, अमेरिकेत २९, उरलेले इतरत्र. त्यानंतरही मृत्यू होत राहिले, कारण हा रोग शरीरात चाळीस वर्षांपर्यंत दबून राहू शकतो.

या आकड्यांना प्रमाणात मांडले की त्यांचा अर्थ कळतो. फ्रान्समध्ये सुमारे सतराशे मुलांवर उपचार झाले, त्यांतील जवळपास सात टक्के गेली. ब्रिटनमध्ये अठराशेहून थोड्या अधिक मुलांतील साडेतीन टक्के. अमेरिकेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सुमारे ७,७०० मुले होती. तेथे हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. औषध तेच, रोग तोच, मग हा फरक कशाचा? १९७७ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट पार्लो यांची अधिक काटेकोर शुद्धीकरणपद्धती लागू झाली, आणि त्यानंतर उपचार सुरू झालेल्या अमेरिकी मुलांत ही रोगाची साखळी जवळपास तुटलीच. फ्रान्समधील बळी १९८३ च्या अखेरपासून १९८५ च्या मध्यापर्यंतच्या औषधाशी जोडलेले आहेत. तेव्हा ही दैवगती होती, त्या काळी कोणालाच काही करणे शक्य नव्हते, हे म्हणणे टिकत नाही. काही करता येत होते. एका देशात ते केले गेले, दुसऱ्यात केले गेले नाही.

ब्रिटनमधील कुटुंबे न्यायालयात गेली. जुलै १९९६ मध्ये न्यायमूर्ती मॉर्लंड यांनी निर्णय दिला की, इशारा मिळाल्यानंतर किमान १ जुलै १९७७ पासून नव्या मुलांवर हा उपचार सुरू करायला नको होता; त्यात हयगय झाली, आणि त्यानंतर ज्यांचे उपचार सुरू झाले त्यांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली पाहिजे. फ्रान्समधला खटला पहिल्या तक्रारीनंतर पंधरा-सतरा वर्षांनी, २००८ मध्ये उभा राहिला. जानेवारी २००९ मध्ये सर्व आरोपी सुटले, अपिलातही तेच झाले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायपीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तोवर संस्थेचे प्रमुख राहिलेले बालरोगतज्ज्ञ हयात नव्हते आणि शंभरांहून अधिक मुले गेली होती. ग्रंथी एकाने जमवली, अर्क दुसऱ्याने काढला, बाटलीत तिसऱ्याने भरला, टोचले चौथ्याने. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले आणि कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार कोणीच उरला नाही.

ही गोष्ट समाजवाद्याला झोंबली पाहिजे. उत्पादनसाधन खाजगी हातातून काढून सार्वजनिक हातात दिले की काम भागले, असे मानणाऱ्यांचा एक वर्ग चळवळीत नेहमीच राहिला आहे. ‘फ्रान्स-इपोफिझ’ आणि ब्रिटिश परिषद सार्वजनिक होत्या. त्यांच्या बैठकीत मात्र ज्यांच्या मुलाला सुई टोचली जाणार ते पालक नव्हते, ग्रंथी काढणारा शवागाराचा कामगार नव्हता, आणि उलट मत देणाऱ्या शास्त्रज्ञाचे पत्र पालकांपर्यंत पोहोचवणे कोणावर बंधनकारक नव्हते. मालकी सार्वजनिक होती, माहिती मात्र मूठभर तज्ज्ञांची खाजगी मालमत्ता होती. तज्ज्ञ सज्जन होते, यात शंका नाही. सज्जनांच्या बंद दाराआड मुलांचा जीव धोक्यात जाऊ शकतो, हे मान्य करायला कार्यकर्त्यांना का जड जावे हे कळत नाही. नोकरशाहीवर टीका करताना हेच कार्यकर्ते कधी कचरलेले नाहीत.

आता बाजारपेठेच्या भक्तांकडे वळले पाहिजे. ऑक्टोबर १९८५ मध्ये, म्हणजे जुने औषध थांबल्यावर सहाच महिन्यांत, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जेनेनटेक या कंपनीच्या जीवाणूंपासून बनवलेल्या संप्रेरकाला परवानगी दिली. या औषधात सीजेडी नाही. याबद्दल शंका घेणे हा खोडसाळपणा ठरेल, आणि आजच्या पालकांना जुन्या भुताची भीती दाखवणेही गैर आहे. परंतु हे ज्ञान आकाशातून कंपनीच्या आवारात पडले नव्हते. या संप्रेरकाच्या जनुकावरचे पायाभूत काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सार्वजनिक प्रयोगशाळेत झाले होते. तेथून कंपनीत गेलेल्या एका शास्त्रज्ञाने विद्यापीठातील जनुकाचा नमुना मध्यरात्री सोबत नेल्याची साक्ष पुढे स्वतःच दिली, आणि १९९९ मध्ये कंपनीने विद्यापीठाशी वीस कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातच, विरळ रोगांच्या औषधांसाठी केलेल्या १९८३ च्या अमेरिकी कायद्याने कंपनीला सात वर्षांचा मक्ता दिला. पैसा जनतेचा, शोध विद्यापीठाचा, मक्ता कंपनीचा.

आणि मक्ता मिळाला तेव्हाच दुसरी अडचण उभी राहिली. ग्रंथींच्या काळात मुले भरपूर होती, औषध थोडे होते. आता औषध हवे तितके तयार होऊ लागले, परंतु संप्रेरकाची खरोखर कमतरता असलेली मुले हजारोंत एखादीच असतात. गिऱ्हाईक कमी म्हणून कोणतीही कंपनी कारखाना मंद करीत नाही. ती गिऱ्हाईक घडवते. कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या धर्मादाय संस्था शाळाशाळांतून मुलांची उंची मोजू लागल्या आणि बुटक्या मुलांच्या पालकांना डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला देऊ लागल्या. १९८५ ते १९९४ या काळात परवानगी नसलेल्या उपयोगांसाठी औषधाचा प्रचार केल्याबद्दल जेनेनटेकने १९९९ मध्ये गुन्हा मान्य करून पाच कोटी डॉलर भरले. २००७ मध्ये फायझरच्या मालकीच्या एका कंपनीनेही वृद्धिसंप्रेरकाच्या विक्रीसंबंधातील लाचेच्या व बेकायदा प्रचाराच्या प्रकरणांत तीन कोटी सत्तेचाळीस लाख डॉलर मोजले. नफ्यापुढे या रकमा व्यापाराच्या किरकोळ खर्चासारख्या होत्या.

जुलै २००३ मध्ये मात्र चोरवाटेची गरजच उरली नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एली लिलीच्या संप्रेरकाला अशा मुलांसाठी परवानगी दिली, ज्यांना कोणताही रोग नाही, ज्यांचे संप्रेरक पुरेसे आहे, जी केवळ बुटकी आहेत. अट एवढीच की मूल आपल्या वयाच्या सर्वांत बुटक्या १.२ टक्क्यात असावे. युरोपच्या औषध नियंत्रकांनी ही मुभा दिलेली नाही. ज्या प्रयोगाचा आधार घेतला गेला त्यात मुलांना आठवड्यातून तीनदा इंजेक्शने दिली होती, आणि तुलनेसाठी काही मुलांना चारेक वर्षे औषध नसलेली इंजेक्शने टोचली होती. निरोगी मुलाला वर्षानुवर्षे पोकळ सुई टोचून विज्ञान पुढे न्यावे काय, यावर तेव्हाच अमेरिकेत वाद माजला होता. सरतेशेवटी उंचीतला फरक निघाला ३.७ सेंटिमीटर, म्हणजे दीड इंच. नंतरच्या एका हिशेबात या उपचाराने वाढणाऱ्या एकेका इंचाचा खर्च बावन्न हजार डॉलर आला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे फ्रेड हर्श यांची आठवण व्हावी. काही वस्तूंचे मोल त्या इतरांपाशी नसण्यातच असते, असे त्यांनी १९७६ मध्ये मांडले होते. समाजात उंचीला जो भाव आहे तो या जातीचा. सर्वांत बुटक्या १.२ टक्के मुलांना औषध देऊन दीड इंच वर उचलले तर त्यांची जागा रिकामी राहत नाही; त्यांच्या वरची मुले तेथे येऊन बसतात. तळाला १.२ टक्के सदैव असणारच. असा ‘रोग’ हाती लागणे हे कोणत्याही विक्रेत्याचे भाग्य. तो उपचाराने संपत नाही. यात नाडला जातो तो मुलगा, ज्याला शरीरात काही बिघाड नसताना सहा-सात वर्षे दररोज सांगितले जाते की त्याच्यात खोट आहे आणि म्हणून सुई आहे.

येथे सुरक्षिततेचा प्रश्न पुन्हा येतो, आणि पूर्वीपेक्षा वेगळ्या रूपात येतो. ज्या मुलाला संप्रेरकाची खरी कमतरता आहे त्याला हे औषध मिळालेच पाहिजे. कमतरता असलेल्या काही तान्ह्या मुलांत रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरते. तेथे प्रश्न उंचीचा नसून जिवाचा असतो. टर्नर लक्षणसमूहाच्या मुलींनाही त्याचा उपयोग आहे. अशा मुलाच्या बाबतीत थोडा धोका पत्करणे शहाणपणाचे असते. तोच धोका निरोगी मुलाच्या बाबतीत कशाच्या बदल्यात पत्करायचा? ज्ञात धोके आहेतच : कवटीतील दाब वाढणे, मांडीच्या हाडाचे डोके सरकणे, पाठीच्या कण्याचा बाक वाढणे, साखरेच्या पचनात बिघाड. प्राडर-विली या आनुवंशिक विकाराच्या अतिस्थूल, श्वासाचा त्रास असलेल्या काही मुलांचे मृत्यू झाल्याने २००३ मध्ये औषधावर इशारा छापावा लागला. हे लवकर दिसणारे परिणाम झाले. उपचार घेतलेल्या मुलांचे चाळिशीत-पन्नाशीत काय होते, हा खरा अवघड प्रश्न. सीजेडीने शिकवले ते हेच की या औषधाचे उत्तर दशकांनी मिळते.

ते उत्तर शोधण्याचे काम कोणाकडे होते? १९८५ नंतर पहिली मोठी नोंदवही जेनेनटेकने उघडली, दुसरी १९८७ मध्ये त्या वेळच्या एका स्वीडिश उत्पादकाने, जी कंपन्यांच्या विलीनीकरणातून फायझरकडे आली. हजारो डॉक्टरांनी त्यात माहिती भरली, शेकडो शोधनिबंध निघाले, औषध सुरक्षित असल्याचे सांगितले गेले. त्यांतले आकडे खोटे होते असे म्हणण्याचे कारण नाही. पण मूल मोठे झाले, इंजेक्शन थांबले की ते या वह्यांतून बाहेर पडे. कंपनीला गिऱ्हाईक असेपर्यंत रस. मृत्यू मात्र गिऱ्हाइकी संपल्यावर येतो.

म्हणून पुढची गणना सार्वजनिक निधीतून करावी लागली. युरोपीय संघाच्या मदतीने आठ देशांत एक अभ्यास झाला. त्याच्या फ्रेंच भागाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले : १९८५ ते १९९६ या काळात कृत्रिम संप्रेरक सुरू केलेल्या ६,९२८ जणांत ९३ मृत्यू झाले होते, जेथे फ्रेंच लोकसंख्येच्या मानाने ७० अपेक्षित होते; मात्रा जास्त असलेल्यांत प्रमाण अधिक होते. त्याच वर्षी बेल्जियम, हॉलंड व स्वीडनच्या लहान गटात मात्र कर्करोगाचा वा हृदयविकाराचा एकही मृत्यू आढळला नाही. अखेर २०२० मध्ये आठही देशांतील २४,२३२ जणांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला, आणि केवळ संप्रेरकाची कमतरता किंवा केवळ बुटकेपणा असलेल्यांत एकूण मृत्यू लक्षणीयरीत्या वाढलेले दिसले नाहीत. पालकांना धीर देणारी ही गोष्ट आहे आणि ती लपवू नये. तथापि त्याच हिशेबात जन्मतः कमी वाढीच्या मुलांत मृत्यू जास्त होते, रक्ताभिसरणाच्या विकारांबद्दलही प्रश्न उरले. २०२१ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी राष्ट्रीय नोंदींच्या आधारे तीन हजारांहून अधिक उपचारितांची सामान्य लोकांशी तुलना केली. हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार उपचारितांत दीडपटीहून अधिक होते. प्रत्यक्ष धोका लहानच आहे, आणि तो औषधाचा की मूळ बुटकेपणाच्या कारणांचा, हे त्यावरून ठरत नाही. म्हणजे पुस्तक अजून उघडे आहे.

या फ्रेंच गणनेत एक विलक्षण गोष्ट आहे. ती शक्य झाली याचे कारण, १९९६ पर्यंत फ्रान्समध्ये या उपचाराच्या प्रत्येक मुलाची नोंद सक्तीची होती. आणि ती नोंद ठेवणारी संस्था होती ‘फ्रान्स-इपोफिझ’. जिच्या व्यवस्थापकांवर खटला चालला तिनेच लिहिलेल्या यादीमुळे पुढच्या पिढीच्या औषधाचा हिशेब मागता आला. सार्वजनिक व्यवस्थेने एकीकडे काय गमावले आणि दुसरीकडे काय राखले, हे यात एकत्र दिसते. मक्तेदार कंपनीच्या हाती असलेल्या वहीत तो हिशेब मिळाला नसता.

भारतात हे संप्रेरक अनेक कंपन्या विकतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून मूल जसजसे वाढते तसतसे बिलही वाढते आणि वर्षाला लाख-दोन लाखांच्या घरात सहज जाते. ज्या मुलांना खरी कमतरता आहे, त्यांच्यासाठी केंद्राच्या २०२१ च्या विरळ रोग धोरणात संप्रेरकाचा समावेश आहे आणि मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्यातील एक केंद्र आहे. तेथवर खेड्यातले मूल पोहोचते किती, हा वेगळा लढा. दुसऱ्या टोकाला शहरी मध्यमवर्ग आहे. विवाहाच्या जाहिरातीत उंची छापणाऱ्या समाजात उंचीचा धंदा उभा राहायला वेळ लागत नाही. उंची वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात १९५४ च्या चमत्कारी उपचार कायद्याने निषिद्ध आहे, तरी अशी भुकटी आणि गोळ्या राजरोस विकल्या जातात.

या दोन टोकांच्या मध्ये खरी बुटकी मुले उभी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.२ टक्के होते. त्याआधीच्या पाहणीत ते ३४.४ होते. प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात ते घटण्याऐवजी किंचित वाढले. या मुलांच्या पिट्यूटरीत काही दोष नाही. आईचा रक्तक्षय, अपुरे अन्न, वारंवार होणारे जुलाब, दूषित पाणी यांनी त्यांची उंची खाल्ली आहे, आणि त्यावर कोणतेही संप्रेरक चालत नाही. काहींना थायरॉइडची कमतरता असते. तिची गोळी काही रुपयांची, परंतु जन्मतःच तपासणी सर्व राज्यांत होत नाही. अंगणवाडीत उंची मोजण्याचे साधन नादुरुस्त असते किंवा मोजायला वेळ नसतो, कारण त्याच सेविकेवर आणखी दहा कामे लादलेली असतात आणि तिला शासन कर्मचारी मानत नाही, मानधनावर भागवते. ज्या मुलाची उंची कोणी मोजतच नाही त्याचे रोगनिदान कोणत्या प्रयोगशाळेत होणार?

महाराष्ट्राच्या विधिमंडळात पक्षाच्या प्रतिनिधींनी हा विषय उपस्थित करावा. वृद्धिसंप्रेरक सुरू केलेल्या प्रत्येक मुलाची नोंद, मग तो उपचार सरकारी रुग्णालयात असो वा खाजगी दवाखान्यात, सक्तीने आणि सार्वजनिक वहीत व्हावी. तीत निदान, मात्रा, उत्पादक आणि घाण्याचा क्रमांक असावा. ती वही चालवणाऱ्या मंडळावर कंपनीचा पैसा नसावा, आणि पालकांचे प्रतिनिधी असावेत. धोक्याची कोणतीही लेखी सूचना आल्यास ती ठरावीक मुदतीत पालकांना कळवणे मंडळावर बंधनकारक असावे. संप्रेरक पुरेसे असलेल्या मुलाला हे औषध देणाऱ्या डॉक्टरने कारण लिहून द्यावे. आणि ही वही इंजेक्शन थांबल्यावर मिटू नये. किमान चाळीस वर्षे उघडी राहावी, कारण ब्रिटनमधील काही मुलांच्या बाबतीत उत्तर यायला तेवढीच वर्षे लागली.